दादाची टोपी

ही टोपी दादाची नाही. नाही म्हणजे नाही — तुम्ही दहा वेळा सांगितलंत म्हणून ती त्याची होणार आहे का, साहेब? बाकी बॅग त्याची. हे शर्ट त्याचे, हा दाढीचा ब्रश त्याचा, ही चार्जरची वायर दातांनी चावलेली — ही तर शंभर टक्के त्याचीच, आई म्हणायची उंदीर व्हायचा तो माणूस झाला — पण ही टोपी? इकडं या. सावलीत नको, उन्हात या. हे काय आहे? लेबल कापलंय, पण लेबलाचा प्लास्टिकचा दोरा आत तसाच राहिलाय. घातली असती तर टाळूला टोचला नसता? आणि पुढं हा केसाळ गवा शिवलेला. दुकानातली कोरी टोपी आहे ही, एकदाही कुणाच्या डोक्यावर न गेलेली. सहा वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिलात त्याच्याबरोबर, एका बसनं जुरोंग आयलंडला कामाला गेलात, एका डब्यातलं जेवलात, आणि तुम्हाला एवढं माहीत नाही की गुरुप्रसाद डोक्यावर काही ठेवत नव्हता? पूजेला बसला तरी रुमाल. तोसुद्धा भटजी ओरडले की मग. कंपनीचं हेल्मेट घालावं लागायचं तर संध्याकाळी फोनवर मला अर्धा तास शिव्या ऐकवायचा — मला नाही, हेल्मेटला. आणि असा माणूस, टोपी उडाली म्हणून ती आणायला उकळत्या पाण्याच्या काठावर उतरला. असं सांगितलंत तुम्ही. अमेरिकेत पोलिसांना सांगितलंत, कंपनीला सांगितलंत, माझ्या आईला फोनवर सांगितलंत. दोन महिने सगळे तेच धरून बसलेत — टोपीपायी गेला. एकतीस वर्षांचा माझा भाऊ, टोपीपायी.

बसा. हा दगड कोरडा आहे. घाबरू नका, मारणार नाही — मारायचं असतं तर स्टेशनवरच मारलं असतं. जुरोंग ईस्टहून इथं सेंबावांगला एवढ्या लांब बोलावलं ते मुद्दाम. म्हटलं, साहेबांना गरम पाण्याच्या झऱ्याजवळ बसवू, जरा आठवण होऊ दे. — काय? हां, वास येतो थोडा. गंधकाचा. तुम्ही पुण्याचे, तुम्हाला तो घाण वाटणार. दादाला आवडायचा. मला पहिल्यांदा सिंगापूरला आणलं ना, इथल्या जहाजांच्या यार्डात वेल्डर म्हणून चिकटवलं — नववी नापास माणसाला कोण उभं करतो, पण त्यानं दहा ठिकाणी शब्द टाकला आणि चिकटवलं — तर पहिल्याच रविवारी इथं घेऊन आला. म्हणाला, नंदू, डोळे मीट, वास घे, आणि कुठं आहेस सांग. मी म्हटलं, कुंडावर. तर हा मोठा इंजिनियर माणूस, एवढ्या चिनी आज्या-आजोबांसमोर, टाळ्या वाजवून हसला. तेव्हापासून दर रविवारी मी इथं. तो असला तर त्याच्याबरोबर, नसला तर एकटा. ती लाल बादली दिसतेय ना नळाखाली, ती माझी. आठ अंडी टाकलीत. सत्तर डिग्रीचं पाणी आहे इथलं, अर्धा-पाऊण तास लागतो. खाणार ना? खायला लागेल. — सॉरी आंटी, सॉरी. माय वॉईस बिग. नो फाइट, नो फाइट. — त्यांना वाटतंय आपण भांडतोय.

आता ऐका. परवा आईचा फोन आला. म्हणाली, निशिकांत येतोय गुरुवारी. मी म्हटलं, कोण निशिकांत? — माहीत असून विचारलं. म्हणाली, गुरूचा मित्र रे, मीच बोलावलंय त्याला. मी म्हटलं, कशाला? त्या माणसाला आपल्या उंबऱ्याच्या आत कशाला घेतेस? तर म्हणाली, मला त्याच्या तोंडून ऐकायचंय, नंदू. फोनवर नको, समोर बसून. गुरू टोपी घालत नव्हता रे. — असं म्हणाली. मोठ्यानं नाही, रडून नाही, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून सांगावं तसं. दोन महिने ती बाई मनात टोपी घेऊन बसली होती आणि मला पत्ता नाही. आणि मग तेच नेहमीचं — त्यानं हात का नाही धरला? बाजूलाच होता ना, मग हात का नाही धरला त्यानं माझ्या गुरूचा? रोज विचारते. सकाळच्या फोनला विचारते, संध्याकाळच्या फोनला विचारते. मी काय सांगू? मी सांगतो, त्या माणसाला स्वतःचा जीव प्यारा. — हो, सांगतो. घाबरतो काय तुम्हाला? तेराव्याला सगळं गाव जमलं होतं, काका होते, सरपंच होते, त्यांच्यासमोर मी उभा राहून सांगितलं, की तो निशिकांत फोन हातात धरून बघत उभा राहिला, तो ह्या गावात आला तर त्याचे पाय तोडून परत पाठवीन. गावभर तुमचं नाव आहे. म्हणून सांगतो, गुरुवारी जाऊ नका. तिकीट काढलं असेल तर फाडा.

का नको? तुम्ही मला विचारता, का नको? तुमच्यामुळं झालं सगळं म्हणून नको. ट्रेनिंगला पाठवलं होतं ना कंपनीनं तुम्हा दोघांना? दोन आठवडे शिकायचं, परत यायचं. शनिवार-रविवार हॉटेलात झोपला असता तो, झोपेचा भुकेला माणूस. गाडी कुणी घेतली भाड्यानं? तुम्ही. तो पार्क बघायलाच पाहिजे म्हणून कुणी धोशा लावला? तुम्ही. सहा तास गाडी चालवून गेलात — कशाला, तर जमिनीतून पाणी उडतं ते बघायला आणि गवे बघायला. फोटो आले होते मला सगळे. रस्त्यात मधोमध गवा उभा, ही एवढी मुंडी, अंगावर घोंगडी टाकल्यासारखे केस, आणि मागं गाड्यांची रांग. दादानं लिहिलं होतं, बघ, आपल्या गव्याचा श्रीमंत भाऊ. मी लिहिलं, आपल्या गव्याला रात्री भाताच्या शेतात यायला कुणी रस्ता देत नाही. हसला होता. मग ते रंगीत पाण्याचे फोटो — निळं, हिरवं, कडेला पिवळं, जसा काय रंगाचा डबा सांडलाय. आणि मधून फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंनी वाफ. आणि पाट्या. त्या पाट्या वाचायला मी नव्हतो तिथं, साहेब. इंग्रजी वाचणारे तुम्ही दोघं होतात. आणि इंग्रजी कशाला पाहिजे? पाटीवर चित्र होतं — फळीवरून खाली उतरलेला पोरगा, पायाखालची जमीन फुटतेय, वाफ येतेय. चित्र तर मलाही वाचता येतं. नववी नापासालाही येतं! पेपरात छापून आलं होतं ते, मी बघितलंय. मग तुम्ही का नाही ओरडलात? तो फळीवरून खाली पाय टाकतोय आणि तुम्ही काय करत होतात? फोन धरून उभे होतात. फोन त्याचा, हात तुमचा. कॅमेरा चालू. व्हिडिओ कॉल चालू होता ना? — कुणाशी ते सोडा. ते सोडा म्हणतो ना! चालू होता की नाही एवढं सांगा.

बरं. आता बाह्या काय ओढत बसलात?

— येस आंटी, माय एग्ज. फिनिश? नॉट फिनिश. ओके ओके, फाइव्ह मिनिट. — म्हणतात फार वेळ ठेवलीस, टू लाँग लाह, पिवळं काळं पडेल. ह्यांना प्रत्येकाच्या अंड्याची काळजी. मागच्या वेळी... मागच्या वेळी पण ह्याच होत्या. मागच्या वेळी म्हणजे — जाऊ दे.

तुम्हाला वाटतं तो वेडा होता? इंजिनियर माणूस, पाटी वाचून खाली उतरतो? तुमच्या कंपनीत सगळ्यांना तेच वाटतंय, मला माहीत आहे. शिकलेला गाढव. पण तुम्हाला आमचं कुंड माहीत नाही. राजापूरकडं आहे आमचं गाव. कुंड आमच्या घरापासून किती, तर आईनं हाक मारली की ऐकू येतं एवढं. बारा महिने गरम पाणी. काठ दगडी, बांधलेला, आजोबांच्या आजोबांच्याही आधीचा. बायका तिथं बाळंतिणीला न्हाऊ घालतात, म्हातारे गुडघे शेकत बसतात, अंगावर खरूज उठली तर डॉक्टरकडं जायच्या आधी कुंडावर. आम्ही दोघं तिथंच वाढलो, पाण्यात पाय सोडून. गरम पाण्यानं माणूस मरतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, साहेब. गरम पाणी म्हणजे देवी. आधी ओंजळभर पाणी काठावर शिंपडायचं, आई, आलो ग, म्हणायचं, आणि मग पाय घालायचा. बस, एवढाच नियम. जमीन फुटते कशी? आमच्याकडं जमीन म्हणजे कातळ. त्यावर हत्ती नाचवा. तिकडं म्हणे वरचा पापुद्रा पापडासारखा असतो आणि खाली उकळतं पाणी. त्याला काय स्वप्न पडलं होतं? पाटीवर लिहिलं असलं म्हणून काय झालं — आमच्या कुंडावर पण पाटी आहे, ग्रामपंचायतीनं लावलेली, आत उतरू नये म्हणून. त्या पाटीवर आम्ही टॉवेल वाळत घालायचो.

आणि आईचे गुडघे. ते तर तुम्हाला माहीत आहेत. देवाच्या फडताळात खाली बाटल्या आहेत तिच्या, रांगेनं. जिथं जिथं गरम पाण्याचा झरा असेल तिथून दादा पाणी आणायचा. हिमाचलला गेला, आणलं. कंपनीनं जपानला पाठवलं, आणलं. इथलं तर दर सुट्टीला. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी, तिच्यावर त्याच्या अक्षरात गावाचं नाव. आई न्हायच्या आधी ते चमचाभर गुडघ्याला चोळते आणि म्हणते, खालून सगळं एकच पाणी आहे रे, देवी एकच, फक्त वर यायच्या जागा वेगळ्या. दादा तिला चिडवायचा, मग इथलंच चोळ की, मला कशाला हमाल केलंस? तर म्हणायची, तू आणतोस ना, म्हणून गुण येतो.

तर तो टोपीसाठी नाही उतरला. पाण्यासाठी उतरला. तुम्हाला ते माहीत आहे आणि मला ते माहीत आहे. बाटली कुठं आहे? ती निळी, स्टीलची? बॅगेत नाही. तिथंच राहिली? — तिथंच. बरं. बरं झालं.

चला, अंडी काढू. उठा. या नळाजवळ. — एवढ्या उकाड्यात बोटंसुद्धा झाकली जातील असा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आलात, ऑफिसला चाललात काय? वर करा त्या बाह्या. आणि हात घाला बादलीत, काढा दोन अंडी. नाही, चमचा नाही. हातानं. का हो, भाजेल? सत्तर डिग्री फक्त. तिकडं किती होतं? घाला ना. बघू द्या मला किती घाबरता ते. माझ्या भावाचा हात धरायला नाही आलात, निदान अंड्यासाठी तरी — आणा इकडं तो हात, आणा म्हणतो, नाटक नको —

हे काय आहे?

हे — थांबा, ओढू नका हात. सॉरी. सॉरी, जोरात धरला. हा हातमोजा कसला आहे? कोपरापर्यंत? काढा. काढा, मला बघू द्या.

दोन्ही हातांना?

अरे देवा.

वेल्डर आहे मी, मला सांगू नका किरकोळ म्हणून. भाजलेलं कातडं मला कळतं. यार्डात आमच्या मुरुगनचा हात असाच झाला होता, तो अजून मूठ वळू शकत नाही. तुम्हाला मूठ वळते का? — नाही. बोटं जुळत पण नाहीत. म्हणजे तुम्ही हात घातला होता. कोपरापर्यंत. म्हणजे त्याला तुम्ही बाहेर काढलंत. तिथले ते लोक नंतर आले, तुम्ही त्याआधीच — आणि मग हॉस्पिटलात तीन दिवस त्याच्याजवळ बसलात ते असे हात घेऊन? आणि मला मेसेज लिहिलात तेव्हा? बोटांनीच लिहिलात ना तो? मी विचार करत होतो, एवढ्या चुका कशा ह्या शिकलेल्या माणसाच्या मेसेजमध्ये. मला राग आला होता त्या चुकांचा. माझा भाऊ मेला आणि ह्याला नीट लिहिताही येत नाही म्हणून.

कुणी सांगितलं होतं तुला हात घालायला? आं? कुणी सांगितलं होतं? आणि घातलास तर बोलला का नाहीस? दोन महिने! दोन महिने माझी आई विचारतेय, हात का नाही धरला, हात का नाही धरला, आणि तू पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरतोयस! मी गावभर तुझं नाव बद्दू केलं, आणि तू — तुम्ही — आणि ह्याच हातांनी ती टोपी घेतलीत? त्या पार्कच्या दुकानात? विमानतळावर? लेबल दातांनी तोडलंत का, म्हणून दोरा राहिला? का केलंत हे? मी मागितली होती तुमच्याकडे टोपी? तुमच्या पाया पडलो होतो, मला वाचवा म्हणून?

हो, मला. मला वाचवायला. नाही तर कुणाला? तुम्हाला सांगायची गरज नाही आणि मला ऐकायची नाही, पण हे पाणी ऐकतंय, देवी ऐकतेय, तर ऐकू दे. कॉल माझा होता. त्यानं नाही केला, मी केला. रविवारी सकाळी साडेसात, तिकडं शनिवारची संध्याकाळ. मी इथंच बसलो होतो, ह्याच दगडावर, पाय त्या पायरीवरच्या पाण्यात. आंटी पण होत्या. म्हटलं, आईसाठी बाटली भरलीस का? तर म्हणाला, नाही रे, इथलं घेता येत नाही, खाली उतरायला बंदी आहे. मी म्हटलं, मग? म्हणाला, दुकानातून काहीतरी घेतो तिच्यासाठी. मी म्हटलं, आईला दुकानातलं? साहेब झालास तू. म्हणाला, अरे पाटी आहे, नंदू. मी म्हटलं, पाटीवर टॉवेल वाळत घाल. आणि तुम्ही हसलात. फोन स्पीकरवर होता, मला ऐकू आलं तुमचं हसणं. आणि मग — मग मी कॅमेरा फिरवून माझे पाय दाखवले. म्हटलं, हे बघ, मी आत. तू बाहेर. हरलास.

तुम्हाला तो शब्द साधा वाटला असेल. तुम्हाला काय माहीत. लहानपणी कुंडावर खेळायचो आम्ही — दोघांनी पाय सोडायचे, जो आधी बाहेर काढेल तो हरला. मी सात वर्षांचा, तो तेरा-चौदाचा. रोज मीच जिंकायचो. रोज तोच ओय ओय करत पाय काढायचा आणि मी गावभर नाचायचो, दादा हरला, दादा हरला. कुंड तेच, माझे पाय ते केवढे, त्याचे केवढे — कसा जिंकेन मी? मला आता कळतंय. मी हट्टानं पाय भाजून घेईन म्हणून तो आधी हरायचा. आयुष्यभर हरत आला माझ्यापुढं. शाळा मी सोडली, मार त्यानं खाल्ला. आणि त्या दिवशी एकदाच, तिसऱ्या माणसासमोर मी हरलास म्हटलं, तर त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. म्हणाला, निश्या, फोन धर, दोन मिनिटं. हसत म्हणाला. मग मला आकाश दिसलं. नुसतं आकाश, आणि थोडी वाफ. मग आवाज आला. मग तुम्ही फोन कापलात.

का कापलात? — मी बघू नये म्हणून. माहीत आहे. पण मला वाटलं नेटवर्क गेलं. तो आवाज मी ऐकला होता, निशिकांतसाहेब, आणि तरी मी स्वतःला सांगितलं की नेटवर्क गेलं. तीन वेळा फोन लावला, लागला नाही. मग काय केलं मी? अंडी झाली होती. आंटींनी मीठ दिलं. मी इथं बसून दोन अंडी खाल्ली. तो तिकडं तसा पडलाय, तुमचे हात असे झालेत, आणि मी मीठ लावून अंडी खातोय आणि मनात म्हणतोय, आज जिंकलो.

आता बोलू नका. मी सांगतो ते ऐका. तुमची दया नको मला. तुम्ही देवमाणूस असाल तर तुमच्या घरी. तुम्ही टोपी आणलीत, आणि त्या टोपीखाली मला लपवलंत, आणि मी त्याच टोपीखालून तुम्हाला दगड मारले. आता तुमच्याकडे बघवत नाही मला, कळतंय का? तुम्ही समोर असलात की माझ्या अंगाची आग होते. गुरुवारी जा. मी नको म्हणत होतो ना — जा. पण बाह्या वर करून जा, ते मोजे काढून. गावात शिरलात की पहिल्या घरापासून हात दाखवत जा. आई हात बघेल आणि काही विचारणार नाही.

फक्त एक. बाटलीचं नाव काढायचं नाही. — तेच ना! तेच तुम्ही मगापासून तोंडातल्या तोंडात म्हणताय, मला ऐकू येतंय. तिच्या गुडघ्यांसाठी गेला हे तिला कळलं तर ती त्या गुडघ्यांवर परत उभी राहणार नाही. त्या बाटल्या फोडून टाकेल. म्हणून तुम्ही टोपी शोधलीत, बरोबर? मला काय अक्कल नाही? पण टोपी तिला पटत नाही, साहेब. नऊ महिने पोटात ठेवलेलं डोकं आहे ते. तिला काहीतरी खरं द्यायला लागेल. पाणी नाही द्यायचं. दुसरं देऊ. दुसरं पण खरंच आहे.

सव्वाआठ वाजले असतील तिकडं. देवपूजा झाली असेल. ही बॅग ठेवून जा, टोपी घेऊन जा. नाही, मला नको, आईलाही नको. तुमचा पैसा, तुमची टोपी, घाला नाही तर त्या घोरपडीला घाला, ती बघा गवतातून चाललीय मालकिणीसारखी. — आंटी, टेक. माय एग्ज. ऑल, ऑल. यू टेक. नो सॉल्ट. — तुम्ही अजून उभे? स्टेशन त्या बाजूला. रेड लाइन, बदलायची नाही, थेट जुरोंग ईस्ट. जा. खांद्यावर हात ठेवू नका, तुमचा हात माझ्या खांद्यावर नको, कळत नाही? जा म्हणतो ना! मागं वळून बघायचं नाही. रिंग जातेय —

हॅलो. आई? हां, मीच. नाही ग, काही झालं नाही, रविवार ना, सुट्टी आहे. खाल्लं. हो, खाल्लं म्हटलं ना. बस आधी. गुडघे कसे आहेत? … बसलीस? आई, टोपी नव्हती. फोनवर मी होतो. आई, मी त्याला हरलास म्हटलं.